भरतीचे मैदान आणि वैशाखाचे ऊन

मार्च संपत आला की वर्तमानपत्रांत एक चौकट ठरल्याप्रमाणे छापून येते. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, व्यायाम सकाळी लवकर उरका. या सल्ल्यात चुकीचे काही नाही; पण ज्याला आपला वेळ आपल्या हाताने ठरवता येतो, त्याच्यासाठीच तो लिहिलेला असतो. उन्हाळ्यात महाराष्ट्रात सर्वांत जास्त अंगमेहनतीचा व्यायाम करणाऱ्या वर्गाला ही मोकळीक नसते. पोलीस शिपाई, राज्य राखीव दल, वनरक्षक, अग्निवीर अशा भरत्यांची तयारी करणाऱ्या लाखो मुलामुलींच्या धावण्याची तारीख, तास, जागा आणि अंतर दुसरेच कोणी तरी ठरवते. जो व्यायाम नोकरीची अट म्हणून करावा लागतो, त्यातील उष्म्याचा धोका सांभाळणे हे तो करवून घेणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, आणि ते काम मोजता येतील अशा लेखी नियमांत उतरले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मुले ज्याला नुसते ‘सोळाशे’ म्हणतात, ती धाव ५ मिनिटे १० सेकंदांत पूर्ण केली तर २० पैकी २० गुण मिळतात, आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्याला गुण कमी होत जातात. राज्य राखीव दलासाठी हेच अंतर पाच किलोमीटर असते. या काही मिनिटांसाठी मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात एकेक मूल दोन-दोन, तीन-तीन वर्षे धावत असते. तालुक्याच्या गावाबाहेर नव्याने झालेल्या सिमेंटच्या रस्त्यावर पहाटे साडेचारला मोबाइलच्या उजेडात धावणाऱ्या मुलांची रांग आता कोणालाही नवी नाही. तीच मुले संध्याकाळी पाचला पुन्हा रस्त्यावर येतात तेव्हा सूर्य कलला असला तरी दिवसभर तापलेले सिमेंट खालून भाजत असते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

उन्हात बसलेल्या माणसाला ऊन लागते आणि धावणाऱ्याला ऊन लागते, या दोन घटना वैद्यकीयदृष्ट्या सारख्या नाहीत. धावताना स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीत खर्च होतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा तरुण जीव तोडून धावतो तेव्हा त्याचे शरीर सुमारे एक हजार वॅट उष्णता निर्माण करते. ती बाहेर पडलीच नाही, तर चार-पाच मिनिटांत शरीराचे आतले तापमान एक अंशाने चढेल. ते चढू न देण्याचे मुख्य साधन घाम हे आहे, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळला तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते आणि उष्णता आहे तिथेच राहते. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तसाच मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही.

म्हणूनच ‘आज पारा किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. हवामान खात्याचा आकडा सावलीत, हवा खेळत्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो, आणि धावणारा असतो तापलेल्या मैदानावर, डोक्यावर ऊन घेऊन. ओलावा, सूर्याची थेट उष्णता आणि हवेचे तापमान यांचा एकत्रित ताण मोजणारी एक पद्धत आहे. तिला ‘वेट बल्ब ग्लोब’ तापमान म्हणतात. तिच्यात ओल्या कापडाने गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के वजन असते. या हिशेबाने पाहिले तर अकोल्यातले कोरडे ४४ अंश आणि मुंबईतले दमट ३४ अंश यांचा धावणाऱ्यावर पडणारा भार जवळपास सारखाच निघतो. अकोल्याच्या मुलाला मुंबईत ‘इथे तर काहीच ऊन नाही’ असे वाटते, आणि हाच त्याचा घात ठरू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांनी उष्माघाताने प्राण गमावले. त्या दिवशी नवी मुंबईत ४५ अंश नव्हते, आणि ती माणसे धावतही नव्हती.

आता भरतीच्या दिवसाचा विचार करू. प्रामाणिकपणे सांगायचे तर पाच-सहा मिनिटांच्या सोळाशे मीटरमध्ये निरोगी, विश्रांती घेतलेल्या तरुणाला उष्माघात होणे कठीण आहे. पण मैदानावर येणारा उमेदवार असा ताजातवाना असतोच कुठे? तो आदल्या रात्री रेल्वेच्या जनरल डब्यातून किंवा एसटीने आलेला असतो. लॉजचे पैसे परवडत नाहीत म्हणून उड्डाणपुलाखाली, फलाटावर किंवा मैदानाच्या भिंतीलगत वर्तमानपत्र अंथरून पडलेला असतो. पोट जड होईल या भीतीने धड जेवलेला नसतो. पहाटे रांगेत लागतो, मग कागदपत्रांची तपासणी, उंची-छाती, चेस्ट नंबर, आणि त्याच्या बॅचची पाळी येते तेव्हा दहा-अकरा वाजलेले असतात. हे सगळे तास त्याने बहुधा उघड्यावर काढलेले असतात. अपुरी झोप, उपाशीपोटी धाव, आधीच झालेली पाण्याची कमतरता, अंगात मुरलेला ताप किंवा नुकतेच होऊन गेलेले जुलाब, यांपैकी प्रत्येक गोष्ट उष्माघाताची शक्यता वाढवते, आणि भरतीची व्यवस्था जणू ठरवून त्या सगळ्या एका सकाळी एकाच माणसाच्या अंगावर आणून ठेवते.

मुलींची अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. मैदानावर स्वच्छतागृह नसेल, किंवा असून त्यात जाववत नसेल, तर मुली पाणी पिणेच बंद करतात. सकाळी पाचपासून अकरापर्यंत घोटभर पाणीही न पिता उभी राहिलेली मुलगी ८०० मीटरच्या रेषेवर येते, तेव्हा ‘भरपूर पाणी प्या’ या फलकाचा तिला काय उपयोग? इथे उष्माघात टाळण्याचे साधन म्हणजे स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, आणि ते बांधणे उमेदवाराच्या हातात नाही.

तयारीच्या महिन्यांत जबाबदारी अकॅडमीवाल्यांची असते. गेल्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यात करिअर अकॅडम्या निघाल्या. त्यांतल्या काही फार मन लावून चालवल्या जातात, गरीब मुलांना बिनपैशाने शिकवतात, हे मी पाहिले आहे. तरीही तिथे काही समजुती ठाण मांडून आहेत. धावण्याच्या मध्ये पाणी प्यायले की छातीत भरते. प्लॅस्टिकचे जाकीट घालून धावले की चरबी वितळते. उन्हात भाजून निघाल्याशिवाय दम वाढत नाही. जाकिटाने कमी होते ते फक्त पाण्याचे वजन, आणि घाम वाळण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. शेवटच्या समजुतीत मात्र सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ती जास्त धोक्याची आहे. शरीर उन्हाला सरावते, हे खरे आहे. रोज थोडा थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण हा सराव पायरीपायरीने होतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, तीही सावकाश. पहिल्या आठवड्यात सेकंदांची स्पर्धा नाही. मग हळूहळू वेळ आणि वेग. जगभरच्या लष्करी आणि शालेय क्रीडा क्षेत्रातील अनुभव असा आहे की, श्रमजन्य उष्माघाताचे बळी पुष्कळदा नव्या माणसाच्या सुरुवातीच्या दिवसांतच पडतात. सातारच्या थंड डोंगरातून आलेल्या मुलाला एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी बीडच्या मुलांबरोबर पळवणे म्हणजे दम वाढवणे नव्हे. शिवाय हा सराव टिकाऊही नाही. दोन-तीन आठवडे खंड पडला की शरीर बरेचसे पूर्ववत होते.

कोल्हापूरच्या तालमींत पैलवान पहाटे मेहनत का करतात, जोर-बैठका झाल्यावर थंडाई का घोटली जाते, वस्ताद नव्या पोराला पहिले काही दिवस हौद्यात नुसती माती का उकरायला लावतो, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. वस्तादाची नजर एकेका पोरावर असे. शंभर-दीडशे मुलांच्या अकॅडमीत ती नजर पुरत नाही, म्हणून तिची जागा नियमाने घ्यावी लागते. भरतीच्या आदल्या दिवशी दम वाढवणारी म्हणून हातोहात विकली जाणारी पावडर, गोळी किंवा इंजेक्शन हाही त्याच पोकळीचा परिणाम आहे. उत्तेजक द्रव्ये थकव्याची जाणीव दडपतात आणि शरीरातील उष्णता वाढवतात; जो इशारा मिळून मुलगा थांबला असता, तो इशाराच नाहीसा होतो.

यापेक्षाही जास्त वाईट वाटते ते मुलगा कोसळल्यानंतर जे घडते त्याचे. धावता धावता पावले वेडीवाकडी पडू लागतात, मुलगा असंबद्ध बोलतो, कधी मदत करणाऱ्याच्याच अंगावर धावून जातो आणि पडतो. भोवती गर्दी जमते. कोणी कांदा फोडून नाकाला लावतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडात पाणी ओततो, जे शुद्ध नसलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. अंगाला घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही, असे एखादा जाणताही सांगतो. म्हातारपणी घरात बसून होणाऱ्या उष्माघातात त्वचा कोरडी पडते. धावणाऱ्या तरुणाला मात्र घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूचे काम बिघडलेले, ही त्याची खूण. कपाळावर रोखायचे पिस्तुलासारखे तापमापक इथे फसवते, कारण ओल्या त्वचेचे तापमान कमी दिसते. खरे तापमान गुदद्वारातच मोजावे लागते, आणि त्यासाठी आडोसा आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

उपचार मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. माणसाला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचे आणि पाणी ढवळत राहायचे. अशा पाण्यात तापमान दर मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरते. म्हणजे ४२ वरून ३९ वर यायला पंधरा मिनिटे. कोसळल्यापासून अर्ध्या तासात हे झाले तर माणूस जवळजवळ नक्की वाचतो. अमेरिकेतील फाल्मथ येथे दर ऑगस्टमध्ये दमट उन्हाळ्यात रस्त्यावरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत श्रमजन्य उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर अंतिम रेषेजवळच टबात उपचार झाले आणि त्यांतला एकही दगावला नाही. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, हा तिथला क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा आहे. १०८ ची गाडी येईपर्यंत, मग रुग्णालय गाठून केसपेपर निघेपर्यंत तो अर्धा तास निघून जातो आणि तोपर्यंत यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांची हानी सुरू झालेली असते. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण हा तापच वेगळा. जनावरांना पाणी पाजण्यासाठी वापरतात तसला मोठा प्लॅस्टिकचा टब, दोन-चार लाद्या बर्फ आणि गोण्या-चादरी, एवढेच सामान लागते. मे महिन्यात बर्फाची लादी मिळत नाही असा तालुका महाराष्ट्रात नाही. टब अगदीच नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या चादरी अंगभर पांघरून त्या सतत बदलत राहाव्यात आणि वारा घालावा.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो. पोलिसाला पुढे भर उन्हात बंदोबस्त करायचा आहे. जो मैदानावर टिकत नाही तो रस्त्यावर काय टिकणार? आक्षेप घेणाऱ्यांत सेवेत आयुष्य घालवलेली माणसे असतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. बंदोबस्तावरचा शिपाई उन्हाला सरावलेला असतो, तो ५ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने धावत नसतो, आणि सावली-पाणी मिळणे हा त्याचाही हक्क आहे. उमेदवाराकडून मोजायचा आहे तो दमखम. उष्माघात कोणाला होतो हे पाहण्याने ते मोजमाप होत नाही, कारण पुष्कळदा सर्वांत जिद्दी मुलगाच थांबायला नकार देऊन कोसळतो. आणि चाचणी खरोखरच गुणवत्तेची असेल, तर एकाच जिल्ह्यात सकाळी सहाला धावलेला मुलगा आणि चार तास उन्हात उभा राहून अकराला धावलेला मुलगा एकाच गुणवत्ता यादीत कसे बसतात? एका गुणाने यादीतून नाव जाते. त्या एका गुणाचा निकाल बॅचच्या क्रमांकाने लागत असेल, तर उन्हाचा प्रश्न आरोग्याबरोबर न्यायाचाही होतो. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांना उष्माघाताची भीती पटत नाही त्यांनाही तो नाकारता येणार नाही.

नियम करणे अशक्य नाही, हे इतरांनी दाखवले आहे. वेट बल्ब ग्लोबची पद्धतच मुळी १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रात नवे रंगरूट उन्हाने आजारी पडू लागले म्हणून जन्माला आली. तिथे मैदानावर रंगीत निशाण लावले जाते, आणि हा आकडा ३२ अंशांच्या थोडा वर गेला की काळे निशाण चढते आणि जोरकस कवायत थांबते. प्रशिक्षणाच्या कडकपणाबद्दल त्या दलाला कोणी नाव ठेवत नाही. नुसती वेळ बदलून भागत नाही, हेही दिसून आले आहे. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली, तरी दमट हवेमुळे सुरुवात केलेल्या ६८ धावपटूंपैकी २८ जणींना ती सोडावी लागली. आपल्याकडे जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर चार उमेदवार दगावले, तेव्हा अंतर आणि वेळ बदलण्याचा निर्णय झाला. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्टअखेरीस उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटरची धाव होती. दहाहून अधिक उमेदवारांचे मृत्यू झाल्यावर भरती काही दिवस थांबवून धाव सकाळच्या तासांपुरती मर्यादित करण्यात आली. दोन्हीकडे आधी मृत्यू आणि मग निर्णय, हा क्रम आहे. वास्तविक अहमदाबादने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्येच उष्मा कृती आराखडा केला, आणि त्याच धर्तीवर नागपूरसह अनेक शहरांनी आपापले आराखडे केले. त्या आराखड्यांत बांधकाम मजूर, फेरीवाले, वृद्ध यांचा विचार आहे आणि तो हवाच. पण सरकारी मैदानावर सरकारनेच धावायला बोलावलेल्या तरुणांचाही त्यात समावेश व्हायला हवा.

गृह विभागाच्या भरतीच्या परिपत्रकात यासाठी फार मोठी भर घालावी लागणार नाही. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लांब धावेची चाचणी ठेवूच नये. निवडणुका किंवा न्यायालयीन निकालांमुळे ठेवावीच लागली तर धावणे दिवसातील पहिले काम असावे आणि कागदपत्रे, उंची-छाती नंतर सावलीत व्हावी. आज नेमके याच्या उलट घडते आणि हा क्रम बदलायला एक रुपयाही लागत नाही. उमेदवाराला दिवसाबरोबर तासही कळवावा, म्हणजे अकराच्या बॅचचा मुलगा पहाटे चारपासून रांगेत राहणार नाही. मैदानावर वेट बल्ब ग्लोबचे मापक असावे आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की धाव थांबावी. थांबवण्याचा अधिकार मैदानावरील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असावा. तारखा पूर्ण करण्याचे दडपण ज्याच्यावर आहे त्या अधिकाऱ्याकडे तो देऊन उपयोग नाही. थांबलेल्या बॅचला दुसरी तारीख मिळावी आणि ज्याला त्या दिवशी ताप आहे त्यालाही ती मागता यावी, कारण ही सोय नसली तर मुले आजार लपवून धावतील. अंतिम रेषेजवळ आडोसा, टब आणि बर्फ तयार आहे याची सही पहिली बॅच सोडण्यापूर्वी घेतली जावी. अकॅडम्यांची नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे सक्तीची करून नव्या मुलांना चौदा दिवसांच्या सरावाचा आणि टबाचा नियम त्यांनाही लावावा.

आणि प्रत्येक मैदानावर एक नोंदवही असावी. कोण कितव्या मीटरला कोसळले, त्या वेळी मापकाचा आकडा किती होता, आतले तापमान किती भरले, किती मिनिटांत थंड केले, पुढे काय झाले, हे तिच्यात नाव न लिहिता नोंदवले जावे आणि भरती संपल्यावर त्या सगळ्या नोंदी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे एकत्र याव्यात. दोन भरत्यांच्या नोंदी हाती आल्या, तर मुंबईच्या दमट मैदानासाठी आणि अकोल्याच्या कोरड्या मैदानासाठी वेगवेगळ्या मर्यादा ठरवताना परदेशी लष्कराचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.